आई, अधिक करू की गुणू?

या वेळच्या सदरात सगळे प्रश्न एकाच विषयावरचे घेतलेत, प्राथमिकच्या मुलांची शाब्दिक उदाहरणं. पत्रं बरीच आली होती, सारखे प्रश्न एकत्र केले आणि त्यातले सात निवडले.

प्रश्न : ताई, माझा मुलगा चौथीत आहे. बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार सगळं येतं, पाढे पाठ आहेत, पण शाब्दिक उदाहरण आलं की नीट वाचायच्या आधीच विचारतो, आई अधिक करू की गुणू? शेवटी मी एक तक्ता करून भिंतीवर लावला. एकूण, मिळून, जास्त आलं की बेरीज, उरले, शिल्लक आलं की वजाबाकी, प्रत्येकी आलं की भागाकार. थोडे दिवस बरं चाललं, आता परत चुका चालू. काय करू?
— एक आई, चिंचवड

उत्तर : तो तक्ता आधी भिंतीवरून काढा. तुम्ही मनापासून केलाय हे कळतंय आणि बऱ्याच वर्गांत, गाइडमध्येसुद्धा असाच तक्ता असतो, पण तो मुलाला सांगतो की गोष्ट वाचू नकोस, नुसता शब्द शोध. आता हे बघा. "सोहमकडे २४ गोट्या आहेत. त्याच्याकडे ओमपेक्षा ६ गोट्या जास्त आहेत. तर ओमकडे किती?" तक्त्याप्रमाणे 'जास्त' दिसलं, बेरीज, ३०. बरोबर उत्तर १८. किंवा "पेरूवाल्याने १५ पेरू विकले, आता ९ उरले, आधी किती होते?" इथे 'उरले' आहे पण करायची बेरीज. आणि "५ मुलांना प्रत्येकी ८ लाडू दिले, एकूण किती लाडू लागले?" यात तर 'प्रत्येकी' पण आहे आणि 'एकूण' पण आहे, आणि करायचाय गुणाकार! सोपी गणितं होती तोपर्यंत तक्ता चालला, चौथीच्या पुढची गणितं मुद्दाम अशी घातलेली असतात की चालू नये.

फ्रान्समध्ये ग्रेनोबल शहरात १९७९-८० च्या सुमाराला दुसरी-तिसरीच्या वयाच्या ९७ मुलांना एक गणित घातलं होतं. एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी तेच आकडे वापरून वय काढून दिलं. ही मुलं अजिबात ढ नव्हती. गणितात दोन आकडे दिले म्हणजे त्यांचं काहीतरी करायचंच असतं, एवढं ती शाळेत पक्कं शिकली होती. तुमच्या मुलाला घालून बघा, आणि त्याने ३६ सांगितलं तर ओरडू नका, फक्त विचारा की तुला हे कशावरून कळलं.

करायचं काय तर, उदाहरणातले आकडे बोटाने झाकायचे आणि वाचायचं. "सोहमकडे काही गोट्या आहेत, ओमपेक्षा काही जास्त आहेत." मग विचारायचं, जास्त कोणाकडे? तो सांगेल सोहमकडे. मग ओमच्या सोहमपेक्षा कमी असणार ना? हो. एवढं झालं की आकडे उघडायचे. आता ३० आलं तर त्याचं त्यालाच खटकतं, कारण ओमकडे २४ पेक्षा कमी हव्यात हे त्याने स्वतःच दोन मिनिटांपूर्वी सांगितलेलं असतं. उत्तर आल्यावर ते परत गोष्टीत घालून बघायची सवय लावा, ओमकडे १८, सोहमकडे ६ जास्त म्हणजे २४, जमलं. या शेवटच्या पायरीला अर्धं मिनिट लागतं आणि घरोघरी नेमकी हीच पायरी सोडली जाते.

आणि तुमच्यासाठी एक पथ्य. "अधिक करू की गुणू" असं त्याने विचारलं की उत्तर द्यायचं नाही. "मला आधी गोष्ट सांग" एवढंच म्हणायचं, रोज तेच, न चिडता. पहिला आठवडा त्याला आवडणार नाही, तुम्हालाही नाही, पण धीर धरा, कारण त्याला हिशोब येतोय, अडतोय तो गोष्ट समजण्यापाशी.

प्रश्न : मुलगी तिसरीत आहे, सेमी इंग्लिशला घातली आहे. गणित मराठीत सांगितलं की पटकन करते, पुस्तकातलं इंग्रजी वाक्य बघितलं की गप्प बसते. शाळेतून सांगतात घरी इंग्रजी बोला. आमच्या घरी कोणालाच तेवढं येत नाही.
— एक वडील, बार्शी

उत्तर : घरी इंग्रजी बोलायची काही गरज नाही. मराठीतून सांगितल्यावर ती करते म्हणजे तिचं गणित उत्तम आहे, ते तसंच मराठीत वाढू द्या. अडचण ठरावीक वाक्यांची आहे, आणि तशी वाक्यं तिसरी-चौथीला मिळून फार नसतात. एका वहीत डाव्या पानावर पुस्तकातलं इंग्रजी वाक्य लिहायचं आणि उजव्या पानावर तिने त्याचं चित्र काढायचं, भाषांतर करायचं नाही, चित्रच काढायचं. 'फाइव्ह लेस दॅन ट्वेल्व्ह' हे वाक्य घ्या, आपण म्हणतो बारापेक्षा पाच कमी, बारा आधी येतात. इंग्रजीत पाच आधी येतात, म्हणून मुलं सरळ ५ वजा १२ लिहून मोकळी होतात. १२ गोल काढून ५ खोडले की हा घोळ एकदाच होतो, परत होत नाही.

आकडे ऐकून लिहितानाही बघा तिचं काय होतं ते. सत्तेचाळीसमध्ये सात आधी ऐकू येतात, फोर्टी सेव्हनमध्ये चाळीस आधी, त्यामुळे सेमीच्या मुलांचे ४७ आणि ७४ खूप वेळा उलटे होतात आणि मग रीत बरोबर असून उत्तर चुकतं. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' असं वाचायची पद्धत दिली तेव्हा केवढा वाद झाला होता आठवतंय ना, पण माझं स्पष्ट मत आहे की लहान मुलांना ती सोयीची आहे. घरी दोन्ही म्हणा, सत्तेचाळीस म्हणजे चाळीस आणि सात. मुलगी गोंधळणार नाही.

प्रश्न : माझी नात पाचवीत आहे, स्कॉलरशिपला बसवली आहे. क्लासमध्ये प्रत्येक प्रकाराला एक ट्रिक देतात. डोकी आणि पाय दिलेल्या गणितात पायांतून डोक्यांची दुप्पट वजा करायची आणि दोनाने भागायचं, झालं उत्तर. का असं विचारलं तर म्हणते आजोबा, का माहीत नाही, पण येतं. समजावायला गेलो तर म्हणते वेळ नाही. आमच्या वेळी पावकी, निमकी, सवायकी, दिडकी असे पाव, अर्धा, सव्वा, दीडचे पाढे होते, त्यांचा आता काही उपयोग आहे का?
— एक आजोबा, सातारा

उत्तर : आजोबा, नातीचं वेळेबद्दलचं म्हणणं खरं आहे. पेपर एकमध्ये भाषेचे २५ आणि गणिताचे ५० असे ७५ प्रश्न आणि वेळ दीड तास, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी सव्वा मिनिटसुद्धा मिळत नाही. त्यामुळे ट्रिक नकोच असं मी म्हणणार नाही. पण ट्रिक कुठून आली ते कळल्याशिवाय ती वापरायची नाही हे मात्र ठामपणे सांगेन, आणि कारण तुम्हीच तिला दाखवू शकता.

आधी नेहमीचं गणित घ्या. गाई आणि कोंबड्या मिळून डोकी २०, पाय ५६. तिला कागदावर २० गोल काढायला सांगा आणि प्रत्येकाला दोन-दोन पाय काढायला सांगा, सगळ्या जणू कोंबड्याच आहेत. ४० पाय झाले. हवेत ५६, म्हणजे १६ पाय अजून काढायचेत. आता कोणत्याही एका गोलाला आणखी दोन पाय काढले की ती गाय झाली. १६ पाय दोन-दोन करत वाटले की ८ गाई झाल्या, उरल्या १२ कोंबड्या. ८ गाईंचे ३२, १२ कोंबड्यांचे २४, मिळून ५६. क्लासमधली ट्रिक म्हणजे हेच चित्र, फक्त चित्र पुसून टाकलंय.

मग लगेच दुसरं घाला. स्टँडबाहेर रिक्षा आणि कार मिळून २० गाड्या उभ्या आहेत, चाकं ६६, तर कार किती? पाठ केलेली ट्रिक लावली तर ६६ वजा ४०, भागिले २, उत्तर १३. १३ कारची चाकं ५२ आणि ७ रिक्षांची २१, झाली ७३, जमत नाही. तिला जरा गोंधळू द्या, लगेच सांगू नका. मग परत चित्र, या वेळी प्रत्येक गोलाला तीन चाकं, ६० झाली, ६ कमी पडतात, एका रिक्षाची कार करायला एकच चाक लागतं, म्हणून कार ६ आणि रिक्षा १४. हे एकदा तिच्या हातून झालं की ५ आणि १० च्या नाण्यांचं गणित येऊ दे नाहीतर बरोबर उत्तराला दोन गुण आणि चुकल्यास एक वजा असलं गणित येऊ दे, ती डगमगणार नाही, आणि वेळही वाचेल, कारण तीस ट्रिका आठवत बसण्यापेक्षा एक चित्र आठवणं सोपं.

झाडांच्या गणितालाही असंच करा. १०० मीटर रस्त्याच्या कडेला दर ५ मीटरवर एक झाड, दोन्ही टोकांना झाडं आहेत, तर किती झाडं? पोरं २० म्हणतात, उत्तर २१. इथे आकडा लहान करायचा, १० मीटरचा रस्ता काढून बघायचा. ०, ५, १०, तीन झाडं, मध्ये जागा दोनच. म्हणजे झाड एक जास्त. आता तोच रस्ता गोल मैदानाभोवती वळवला तर पहिलं आणि शेवटचं झाड एकच होतं, म्हणून २०. मोठा आकडा अंगावर आला की आधी लहान करून बघणं, ही सवय तिला स्कॉलरशिपच्या पुढेही कामाला येईल.

आता पावकी-निमकी. अहो उपयोग आहे म्हणजे काय, आहेच! स्कॉलरशिपच्या गणितांत पाऊण डझन, अडीच किलो, सव्वा तास, दस्ता, रीम, ग्रोस म्हणजे बारा डझन, हे सगळं येतं आणि आजच्या मुलांनी हे शब्द घरात ऐकलेलेच नसतात. ६० रुपये डझनाने अडीच डझन केळी म्हटलं की मूल अडतं, ते गुणाकारावर अडत नाही, अडीच म्हणजे काय यावर अडतं. दस्ता म्हणजे २४ कागद, २० दस्त्यांचा एक रीम, म्हणजे ४८० कागद, आणि दुकानात आता ५०० कागदांचा गठ्ठा मिळतो, त्यामुळे रीम म्हणजे ५०० हे डोक्यात बसलेलं असतं. ही शिकवणी तुम्हीच घ्या. मंडईत जाताना तिला बरोबर न्या, दिडकी पाठ करून घेण्यापेक्षा दीड किलोचे किती झाले ते तिला सांगू दे.

प्रश्न : आम्ही सिंगापूरला असतो. मुलगा प्रायमरी फोरला आहे, पुढे सहावीला पीएसएलई, म्हणजे इथली प्राथमिकची शेवटची परीक्षा. शाळेत प्रत्येक गणिताला पट्ट्या काढायला लावतात आणि माझे मिस्टर एक्स धरून दोन ओळीत सोडवून दाखवतात. मुलगा म्हणतो बाबांचं मला कळत नाही. पट्ट्यांमध्ये वेळ घालवावा का?
— एक वाचक, सिंगापूर

उत्तर : घालवा, अगदी निश्चिंतपणे. ती पद्धत तुमच्याच तिकडे १९८० च्या दशकात सरकारी अभ्यासक्रमासाठी तयार झाली, नेमकं याच कारणासाठी, की दहा वर्षांच्या मुलाला एक्स कळायच्या आधी एक्सचं काम करता यावं.

इथल्या वाचकांसाठी एक उदाहरण सांगते. दोन भावांकडे मिळून ३५० रुपये, मोठ्याकडे ५० जास्त, प्रत्येकाकडे किती? बहुतेक मुलं ३५० चे अर्धे १७५ करतात, मोठ्याला ५० देऊन २२५ करतात आणि खूश होतात. फरक ५० चाच आहे खरा, पण आता बेरीज ४०० झाली. पट्टी काढली की धाकट्याची एक पट्टी, खाली मोठ्याची तेवढीच पट्टी आणि पुढे ५० चा तुकडा. तुकडा बाजूला काढला की दोन सारख्या पट्ट्या ३०० च्या, एक १५० ची. धाकटा १५०, मोठा २००. मुलाला डोळ्यांनी दिसतं की ५० आधी काढायचे असतात.

वयांच्या गणितात तर पट्टी फारच छान चालते. आई आणि मुलीच्या वयांची बेरीज ४८, आई तिप्पट, म्हणजे चार सारखे चौकोन, एक १२ चा, मुलगी १२, आई ३६. किती वर्षांनी आई दुप्पट वयाची होईल? दोघींमधला फरक २४ चा, तो जन्मभर २४ च राहणार, आई दुप्पट असेल तेव्हा फरक मुलीच्या वयाएवढा हवा, म्हणजे मुलगी २४ ची, १२ वर्षांनी. तुमच्या मिस्टरांना सांगा, हाच फरकाचा विचार मुलाला तोंडी सांगून बघा, एक्स थोडा थांबू दे. पुढे एक्स येईल तेव्हा तो म्हणजे त्या पट्टीचं नाव आहे एवढं सांगितलं की पुरेल. आपल्या महाराष्ट्रातल्या शाळांनीही ही पद्धत भरपूर वापरावी असं मला फार वाटतं, कागद-पेन्सिलीशिवाय काहीच लागत नाही.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत आहे. दुसरी, तिसरी, चौथी एकाच खोलीत बसतात. एकेका मुलाजवळ बसून गोष्ट काढून घ्यायला वेळ कुठून आणू? काही सुचवाल का?
— एक शिक्षिका, पालघर जिल्हा

उत्तर : बाई, तुमच्या खोलीत तीन इयत्ता आहेत याचा या विषयात फायदाच करून घ्या. फळ्यावर प्रश्न नसलेलं गणित लिहा. "मीनाने ६० रुपयांच्या वह्या आणि २५ रुपयांची पट्टी-पेन्सिल घेतली. दुकानदाराला १०० ची नोट दिली." एवढंच, पुढे काही नाही. आता यावर काय काय विचारता येईल ते मुलांनी सांगायचं. दुसरीची मुलं म्हणतील किती खर्च झाला, तिसरीची म्हणतील किती परत मिळाले, चौथीतलं एखादं विचारेल की परत मिळालेल्या पैशात ५ रुपयांची किती चॉकलेटं येतील. प्रश्न मुलाने स्वतः तयार केला की उदाहरण आतून कसं बांधलेलं असतं ते त्याला कळतं. मधूनच एखादी नको असलेली माहिती घाला, मीनाची शाळा २ किलोमीटरवर आहे, किंवा लागणारी माहिती मुद्दाम गाळा, आणि "हे सुटणार नाही" असं म्हणायची परवानगी द्या. तसं म्हणणाऱ्या मुलाला शाबासकी द्यायला विसरू नका.

बाकीची गणितं लहान मुलांकडून करून घ्या, चिंचोके घेऊन, प्रत्यक्ष उभं राहून, आणि मोठ्यांनी ते बघून लिहायचं. ४५ मुलांची सहल निघाली, एका जीपमध्ये ८ बसतात, किती जीप? ५ आणि बाकी ५ असं लिहून मुलं थांबतात. वर्गातल्याच मुलांना जीपमध्ये बसवल्यासारखं गटागटाने उभं करा, उरलेली मुलं स्वतःच ओरडतील की बाई आम्ही कशात बसायचं!

प्रश्न : मुलगा तिसरीत, शाब्दिक उदाहरण म्हटलं की रडतो. त्याला काही लर्निंग डिसॅबिलिटी असेल का? — एक आई, डोंबिवली

उत्तर : आधी तेच उदाहरण त्याला वाचायला न देता गोष्टीसारखं तोंडी सांगा. तोंडी जमलं तर गणिताचा प्रश्न नाही, वाचनाचा आहे, मग डोळे तपासा आणि रोज थोडं मोठ्याने वाचन घ्या. तोंडीसुद्धा, लहान आकडे घेऊनसुद्धा, हातात वस्तू देऊनसुद्धा महिनोन् महिने जमत नसेल तर वर्गशिक्षकांशी बोलून तपासणी करून घ्या. मुंबईत सायनसारख्या महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत ती होते. घरच्या घरी शिक्का मारू नका. आणि तो रडतो तेव्हा वही बंद करा, त्या दिवशी परत उघडू नका.

प्रश्न : मुलगी पाचवीत, वर्गातली गणितं तिला पटापट येतात आणि मग कंटाळते. अवघड गणितं कुठून आणू? — एक वडील, चाळीसगाव

उत्तर : तुमच्या गावापासून जवळच पाटण आहे, पाटणादेवीचं. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला, त्याचा शिलालेख तिथे सापडला. तेव्हा तिला भास्कराचार्यांचंच गणित घाला, ११५० सालच्या लीलावतीतलं. भुंग्यांच्या थव्यातला पाचवा भाग कदंबावर गेला, तिसरा भाग शिलींध्राच्या फुलावर, या दोन्हींतल्या फरकाच्या तिप्पट भुंगे कुड्यावर गेले, आणि एक भुंगा केतकी आणि मालतीच्या वासाने मध्येच घिरट्या घालत राहिला. तर थव्यात भुंगे किती?

तिला एक पट्टी काढू दे. पाच भागही व्हायला हवेत आणि तीनही, म्हणून पट्टीचे १५ चौकोन. पाचवा भाग ३ चौकोन, तिसरा भाग ५ चौकोन, फरक २, त्याची तिप्पट ६. मिळून १४. एक चौकोन उरला आणि तोच घिरट्या घालणारा भुंगा, म्हणजे थव्यात १५. हे सुटलं की तिला गणित बदलायला सांगा. तिप्पटच्या जागी दुप्पट केलं तर ३, ५ आणि ४ मिळून १२, उरले ३ चौकोन. आता उरलेला भुंगा एकच ठेवला तर थवा ५ चा होतो आणि ५ चा तिसरा भाग पूर्ण भुंग्यांत येत नाही. मग उरलेले भुंगे किती ठेवले तर गणित जुळेल, ते तिला शोधू दे. ३ ठेवले तर थवा परत १५ चा येतो, ६ ठेवले तर ३० चा, आणि असे आकडे अजून बरेच आहेत, ती सापडतील तेवढे काढेल.